मेंदूतील धमनीचा फुगा : उपचारांची वाटचाल

"डोक्यातली नस फुटली आणि गेले." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घरात किंवा वाड्यात कधी ना कधी ऐकलेले असते. सकाळी ठणठणीत असलेला माणूस दुपारी एकाएकी डोके धरून खाली बसतो, उलटी होते, शुद्ध हरपते आणि डॉक्टर येईपर्यंत खेळ संपलेला असतो. मोठी माणसे "ब्रेन हॅमरेज" म्हणत आणि विषय तिथेच थांबे. कारण काय, हे विचारण्याची पद्धत नव्हती आणि विचारले असते तरी उत्तर मिळाले असतेच असे नाही.

मेंदूतील रक्तस्रावाची कारणे अनेक आहेत. वाढलेला रक्तदाब हे त्यातले सर्वांत मोठे. परंतु एक कारण असे आहे की जे माणसाच्या डोक्यात वर्षानुवर्षे मुकाट्याने बसून असते. ते म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीला आलेला फुगा, इंग्रजीत ज्याला ॲन्युरिझम म्हणतात. मराठी विश्वकोशाची परिभाषा वापरायची तर रोहिणीचा विस्फार. मी डॉक्टर नाही, संगणकाच्या क्षेत्रात काम करणारा माणूस आहे, तेव्हा या लेखाला कोणी वैद्यकीय सल्ला समजू नये. पण गेल्या शंभर वर्षांत या एका दुखण्यावरचे उपचार ज्या रीतीने बदलत गेले, ती हकीकत कोणत्याही तंत्रज्ञाला विचार करायला लावणारी आहे, म्हणून हा प्रपंच.

फुगा म्हणजे नेमके काय?

सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या ठिकाणी रबर पातळ झाले की हवा भरल्यावर तिथे टेंगूळ येते, हे आपण पाहिलेले आहे. तसेच काहीसे इथे होते. मेंदूच्या तळाशी मोठ्या धमन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथे रक्ताचा मारा सर्वांत जास्त असतो. तिथली भिंत कमकुवत झाली की ती बाहेर फुगू लागते. बहुतेक फुगे काही मिलिमीटरचे, बोराएवढे किंवा त्याहून लहान असतात आणि त्यांना बोराच्या देठासारखी एक मान असते. ही मान या लेखात पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

प्रौढ माणसांपैकी सुमारे ३ टक्के लोकांच्या मेंदूत असा फुगा असतो असे मानले जाते. त्यातले बहुसंख्य फुगे कधीच फुटत नाहीत आणि माणूस दुसऱ्याच कशाने तरी, म्हातारा होऊन जातो. पण जो फुटतो तो मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्त पसरवतो, आणि अशा रुग्णांपैकी मोठा हिस्सा आजही दगावतो किंवा कायमचा अपंग होतो.

मेल्यावर कळणारा आजार

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे जे कडे असते त्याला "सर्कल ऑफ विलिस" म्हणतात. ऑक्सफर्डच्या टॉमस विलिसने १६६४ साली मेंदूच्या रचनेवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्या ग्रंथातील चित्रे काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन हा होता. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल उभारणारा वास्तुशिल्पी तो हाच! त्यानंतरच्या शतकात इटलीतील वैद्यांनी शवविच्छेदन करताना या कड्यावर फुगे पाहिले आणि त्यांची नोंद केली.

मात्र जिवंत माणसात हे ओळखायचे कसे? लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील विल्यम गल याने १८५९ साली अशा ६२ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. त्याचा निष्कर्ष निराशाजनकच होता. रुग्ण जिवंत असताना निदान करणे हा बहुतांशी अंदाजाचा खेळ आहे, असेच त्याला म्हणावे लागले. १८९१ साली जर्मनीतील हाइनरिख क्विंके याने पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून पाणी काढण्याची पद्धत रूढ केली. त्या पाण्यात रक्त दिसले तर मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला आहे हे कळू लागले. पण कुठे आणि कशामुळे, हे कोडे तसेच राहिले.

१९२० साली चार्ल्स सिमंड्स हा तरुण इंग्रज डॉक्टर बॉस्टनला हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली शिकत होता. कुशिंग म्हणजे अमेरिकन मेंदू-शल्यचिकित्सेचे आद्यपुरुष. एका रुग्णाला गाठ असावी असे समजून त्यांनी शस्त्रक्रिया केली. हा धमनीचा फुगा असावा असे सिमंड्सने आधीच म्हटले होते आणि निघाला तो फुगाच. तेव्हा कुशिंगनी त्याला ग्रंथालयात पाठवले आणि हे नशीब होते की ज्ञान ते शोधून काढायला सांगितले, असे म्हणतात. सिमंड्सने खरोखरच जुन्या नोंदी पालथ्या घातल्या. अचानक उठणारी भयंकर डोकेदुखी, ताठ झालेली मान, पाण्यात रक्त, अशी या दुखण्याची ओळखण्याजोगी खूण त्याने १९२०च्या दशकातील आपल्या लेखांत मांडली. आता आजाराला चेहरा मिळाला होता. उपचार मात्र अजून नव्हता.

धमनी दिसू लागली

उपचार नव्हता असे म्हणताना एक अपवाद सांगायला हवा. १७८५ साली जॉन हंटर याने मांडीतील धमनी बांधून गुडघ्यामागील फुग्यावर इलाज केला होता. तोच विचार पुढे मानेतील धमनीला लावला गेला. मानेतली मोठी धमनी बांधली की वरच्या फुग्यावरचा दाब कमी होतो. कित्येक दशके हाच एक मार्ग होता. काहींना त्याचा फायदा झाला, तर काहींच्या मेंदूला रक्तच कमी पडून अर्धांगवायू झाला. घरात एक नळ गळतो म्हणून इमारतीचे पाणी बंद करण्यासारखाच हा प्रकार होता.

पुढचे मोठे पाऊल पडले ते पोर्तुगालमध्ये. लिस्बनचे एगाश मोनिझ यांनी ठरवले की क्ष-किरणांत दिसेल असे द्रव मानेच्या धमनीत टोचायचे आणि लगेच चित्र घ्यायचे. संधिवातामुळे त्यांचे हात नीट चालत नसत, म्हणून प्रत्यक्ष काम त्यांचा सहकारी आल्मेइदा लिमा करत असे. सुरुवातीच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. द्रव बदलून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि जून १९२७ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे जाळे प्रथमच चित्रावर उमटले. हीच अँजिओग्राफी.

या शोधाची किंमत पुढेही मोजावी लागली. नंतर चित्र अधिक स्पष्ट यावे म्हणून थोरोट्रास्ट नावाचे द्रव अनेक देशांत वापरात आले. त्यात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य होते. ते शरीरातून बाहेर पडत नसे आणि कित्येक वर्षांनी त्यातून यकृताचे कर्करोग उद्भवले. ज्या तपासणीने फुगा सापडला तिनेच काहींना दुसरा आजार दिला. मोनिझ यांना १९४९ साली नोबेल मिळाले ते अँजिओग्राफीसाठी नव्हे, तर मनोरुग्णांच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठी, जी पुढे वैद्यकशास्त्राने टाकून दिली. इतिहासाचा न्याय कधी कधी असा उफराटा असतो.

मांडीचा स्नायू आणि चांदीची क्लिप

एडिंबरा येथील नॉर्मन डॉट हा मुळात इंजिनिअरिंगचा उमेदवार. तरुणपणी मोटारसायकलच्या अपघातात पाय जायबंदी झाला, इस्पितळात राहावे लागले आणि तिथून तो वैद्यकाकडे वळला. कुशिंगकडे बॉस्टनला शिकून तो परतला. १९३१ साली त्याच्यापुढे एक मध्यमवयीन वकील आला. थोड्याच दिवसांत त्याच्या मेंदूत पुन्हा पुन्हा रक्तस्राव झाला होता. आणखी एक स्राव म्हणजे मृत्यू, हे उघड होते.

डॉटने कवटी उघडली. फुग्यापर्यंत पोहोचताच तो फुटला आणि रक्ताची धार लागली. त्याने रुग्णाच्या पायाच्या स्नायूचा तुकडा आधीच काढून ठेवलेला होता. तो त्याने फुग्यावर दाबून धरला, रक्त थांबेपर्यंत कित्येक मिनिटे, आणि मग त्याचेच वेष्टण फुग्याभोवती गुंडाळले. ठरवून, निदान करून, मेंदूतील फुग्यावर थेट केलेली ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. तो वकील पुढे दहा वर्षांहून अधिक काळ जगला. आमच्या सॉफ्टवेअरच्या व्यवसायात ज्याला "पॅच" म्हणतात, तो अगदी शब्दशः हाच!

पण पॅच म्हणजे दुरुस्ती नव्हे. फुग्यात रक्त जातच होते. खरी दुरुस्ती म्हणजे फुग्याची मानच बंद करायची आणि मूळ धमनी मात्र वाहती ठेवायची. ते केले बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील वॉल्टर डँडी यांनी. २३ मार्च १९३७ रोजी त्यांनी ४३ वर्षांच्या एका रुग्णाच्या फुग्याच्या मानेवर चांदीची लहानशी क्लिप बसवली. रुग्णाची एक पापणी पडली होती. डोळ्याच्या नसेवर फुग्याचा दाब पडत असल्याची ती खूण होती आणि तिच्याच आधारे फुगा कुठे आहे ते डँडींनी ताडले होते. रुग्ण बरा होऊन घरी गेला.

यातली गंमत अशी की चांदीची ती क्लिप मुळात कुशिंग यांनी १९११ साली काढलेली आणि टोरांटोच्या केनेथ मॅकेंझी यांनी सुधारलेली होती. कुशिंग आणि डँडी एके काळचे गुरू-शिष्य, पण पुढे दोघांचे हाडवैर झाले होते. माणसांचे पटले नाही तरी त्यांची अवजारे एकमेकांच्या उपयोगी पडतात, हे या शास्त्राचे भाग्य.

सूक्ष्मदर्शक, स्कॅनर आणि एक साधी गोळी

चांदीची क्लिप एकदा दाबली की पुन्हा उघडता येत नसे. जागा चुकली तर संपलेच. १९५०च्या दशकात सिनसिनाटीच्या फ्रँक मेफील्ड यांनी स्प्रिंगची क्लिप आणली, जी उघडून पुन्हा नीट बसवता येई. त्यानंतर क्लिपांचे आकार वाढत गेले आणि धातूही बदलले. एमआरआयला जाण्यापूर्वी जो फॉर्म भरून घेतात त्यात "मेंदूत क्लिप आहे का" असा प्रश्न असतो, तो यामुळेच. जुन्या काळच्या काही पोलादी क्लिपा चुंबकाने ओढल्या जात आणि तो धोका जीवघेणा होता. आता टायटॅनियमसारखे धातू वापरतात.

तुर्कस्तानात जन्मलेल्या गाझी याशारगिल यांनी १९६५-६६ मध्ये व्हरमाँटमधील बर्लिंग्टन येथे रेमंड डोनाही यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवण्याचा सराव केला. १९६७ पासून झुरिकला त्यांनी तेच तंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणले. मेंदू बाजूला दाबून वाट काढण्याऐवजी मेंदूच्या नैसर्गिक घड्यांमधून वाट काढायची, हा त्यांचा मंत्र. त्यांच्या नावाच्या क्लिपा आजही जगभर वापरात आहेत. २०२५ साली, शंभरीला महिनाभर उरला असताना ते वारले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीतला इंजिनिअर गॉडफ्री हाउन्सफील्ड संगणकाच्या मदतीने क्ष-किरणांचे छेदचित्र बनवत होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विंबल्डन येथील इस्पितळात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्या यंत्रातून पाहिला गेला. हाच सीटी स्कॅन. मेंदूभोवती ताजे रक्त आहे की नाही हे आता सुई न टोचता काही मिनिटांत कळू लागले. आम्हा संगणकवाल्यांना अभिमान वाटावा अशी ही एक जागा!

एक प्रश्न तरीही छळत होता. फुगा व्यवस्थित बंद केलेला रुग्ण आठवडाभराने पुन्हा ढासळे. बाहेर सांडलेल्या रक्तामुळे मेंदूतील धमन्या आकसतात आणि मेंदूचा एखादा भाग उपाशी मरतो. यावर उपाय सापडला तो निमोडिपिन या गोळीत. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ५५४ रुग्ण होते. गोळी घेणाऱ्यांमध्ये मेंदूचा भाग मृत होण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी भरले. तीन आठवडे दर चार तासांनी घ्यायची ही गोळी आजही या उपचाराचा भाग आहे. मोठमोठ्या यंत्रांच्या इतिहासात तिचे नाव सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

कवटी न उघडता

मॉस्कोत १९५९ साली मे दिनाच्या उत्सवात फेडोर सेर्बिनेंको या शल्यचिकित्सकाने मुलांच्या हातातले दोऱ्याला बांधलेले फुगे पाहिले. दोरा ओढला की फुगा हवा तिकडे वळतो. रक्तवाहिनीतून असाच एक बारीक फुगा सोडला तर? या कल्पनेवर त्याने पुढची अनेक वर्षे घालवली. नळीच्या टोकाचा इवलासा फुगा रक्ताच्या प्रवाहाबरोबर मेंदूपर्यंत न्यायचा, तिथे फुगवायचा आणि सोडून द्यायचा. १९७४ साली अमेरिकन नियतकालिकात त्याचा लेख आला आणि पाश्चात्त्य डॉक्टर चकित झाले. शीतयुद्धाच्या भिंतीपलीकडे कोणीतरी फार पुढे गेलेले होते.

पण गोल गुळगुळीत फुगा वेड्यावाकड्या पोकळीत नीट बसत नाही. त्यावर तोड काढली रोमच्या ग्विदो गुलिएल्मी यांनी. फुग्यात विजेच्या साह्याने रक्त गोठवता येईल का, असे प्रयोग ते प्राण्यांवर करत होते. त्यात इलेक्ट्रोडचे टोक विजेने विरघळून तुटले आणि आतच राहिले. दुसऱ्या कोणी हा प्रयोग फसला म्हणून सोडून दिला असता. गुलिएल्मींना त्यात युक्ती दिसली. १९८९ साली ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आले आणि तिथे प्लॅटिनमच्या मऊ तारेचे वेटोळे तयार झाले. जांघेतल्या धमनीतून नळी मेंदूपर्यंत न्यायची, वेटोळे फुग्यात सोडायचे, जागा पसंत पडली नाही तर परत ओढायचे, आणि पसंत पडली की सौम्य विद्युत्प्रवाह सोडून तार तोडायची. १९९० पासून रुग्णांवर हा उपचार सुरू झाला आणि १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

आकड्यांची परीक्षा

आता खरा पेच उभा राहिला. क्लिप की कॉइल? ज्यांनी वीस-वीस वर्षे घालवून क्लिप बसवण्याचे कौशल्य कमावले होते, त्यांना जांघेतून तार घालणे हा पोरखेळ वाटणे साहजिक होते. कॉइलवाल्यांना कवटी उघडणे रानटी वाटे. दोन्ही बाजूंना आपापली खात्री होती, पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता.

ऑक्सफर्डहून चालवलेल्या आयसॅट या चाचणीत हा प्रश्न चिठ्ठी टाकून सोडवला गेला. फुगा फुटलेल्या, आणि दोन्हींपैकी कोणताही उपचार चालेल अशा २,१४३ रुग्णांना कोणता उपचार मिळेल हे केवळ योगायोगाने ठरले. २००२ साली "लॅन्सेट"मध्ये आलेले निकाल असे : एका वर्षानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण क्लिपच्या गटात ३०.६ टक्के, तर कॉइलच्या गटात २३.७ टक्के. फरक इतका होता की नवे रुग्ण घेणे मध्येच थांबवण्यात आले.

याचा अर्थ क्लिप कालबाह्य झाली असा नाही. कॉइल केलेला फुगा काही वेळा पुन्हा भरतो, पुन्हा उपचार करावा लागतो. रुंद मानेचे किंवा अडचणीच्या जागचे काही फुगे आजही क्लिपनेच नीट बंद होतात. २०११ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली, मूळ धमनीतच बसवायची जाळीदार नळी हा आणखी एक मार्ग आता उपलब्ध आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की आपले कौशल्य पणाला लावून, आपल्या विरुद्ध निकाल लागू शकतो हे माहीत असूनही, शल्यचिकित्सकांनी ती चिठ्ठी टाकू दिली. आमच्या व्यवसायात स्वतःच्या आवडत्या प्रणालीची अशी परीक्षा घेऊ देणारे किती जण सापडतील?

न फुटलेल्या फुग्याचे काय?

दुसरा धडा याहून अवघड आहे. एमआरआय सर्रास होऊ लागल्यापासून दुसऱ्याच कारणासाठी तपासणी केली असता न फुटलेले फुगे सापडू लागले. सापडला की काढून टाकावा, ही सहज प्रवृत्ती. परंतु १९९८ आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दिसले की मेंदूच्या पुढील भागातले ७ मिलिमीटरपेक्षा लहान फुगे, आधी कधी रक्तस्राव झालेला नसेल तर, फुटण्याची शक्यता अगदीच कमी असते. कधी कधी उपचाराचाच धोका जास्त भरतो. त्या आकड्यांवरही मतभेद झाले आणि आजही प्रत्येक रुग्णाचा निर्णय वय, फुग्याची जागा, आकार, धूम्रपान, रक्तदाब हे सगळे पाहून घ्यावा लागतो. शंभर वर्षे "कसे पोहोचायचे" हा प्रश्न होता. आता "पोहोचायचे की नाही" हाही प्रश्न झाला आहे. डोक्यात फुगा आहे हे माहीत असताना शांतपणे दर काही काळाने स्कॅन करत राहणे, याला शस्त्रक्रियेइतकेच धैर्य लागते.

आपल्या कुटुंबांसाठी दोन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे, एका क्षणात शिगेला पोहोचणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी ही बाम लावून झोपण्याची डोकेदुखी नव्हे. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो. वर सांगितलेला सगळा इतिहास रुग्ण इस्पितळाच्या दारात वेळेवर पोहोचला तरच त्याच्या कामाला येतो. विम्याचा हिशोब नंतर करता येतो, आधी ९११ फिरवावे. भारतात एकटे राहणाऱ्या आईवडिलांच्या शेजाऱ्यांनाही हे सांगून ठेवलेले बरे.

दुसरी गोष्ट कौटुंबिक इतिहासाची. आई, वडील, भावंडे, मुले अशा सख्ख्या नात्यात दोघांना किंवा अधिक जणांना असा फुगा झाला असेल तर इतरांची तपासणी करावी का, याचा विचार डॉक्टर करतात. त्यासाठी इथला डॉक्टर विचारतो, "घरात कोणाला होता का?" आणि आपण गप्प होतो, कारण आपल्याकडे फक्त "काका अचानक गेले" एवढीच नोंद असते. कोणत्या वयात गेले, आधी डोके दुखले होते का, मधुमेह-रक्तदाब होता का, कधी कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्यांना हे आठवते ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. पुढच्या वेळी गावी फोन कराल तेव्हा हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर हेही विचारा आणि एका कागदावर तारखेसह लिहून ठेवा. विल्यम गलने १८५९ साली तेच केले होते, आणि पुढच्या सगळ्या उपचारांची सुरुवात अशा नोंदींतूनच झाली.